उमेदवारीचे सहा आठवडे

माणसांप्रमाणें शब्दांचेंही नशीब फिरत असतें. ‘उमेदवार’ हा शब्द आज उच्चारला कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो भिंतीभिंतींवरून हात जोडून हंसणारा निवडणुकींतील पुढारी. आमच्या पणजोबांच्या पिढीस हा शब्द निराळ्याच अर्थानें ठाऊक होता. चार इयत्ता शिकून अक्षर वळणदार झालें म्हणजे मुलगा कचेरींत एखाद्या कारकुनाच्या शेजारीं जाऊन बसे. बिनपगारी नकला करी, दौती भरी आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाही. या बसण्याला ‘उमेदवारी’ म्हणत. गोपाळ गणेश आगरकरांसारख्या पुरुषासही लहान वयांत कऱ्हाडास कांहीं काळ कारकुनी करावी लागली होती. पुढें ते वऱ्हाडांत येऊन १८७५ सालीं अकोल्याहून मॅट्रिक झाले, ही गोष्ट वऱ्हाडी माणूस अजून अभिमानानें सांगतो.

२०२४ सालच्या उन्हाळ्यांत अशीच जुन्या वळणाची उमेदवारी करण्याचा योग आमच्या वांट्यास आला. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षीं कोठें तरी प्रत्यक्ष काम करून श्रेयांक मिळवावे लागतात. आमचे पुण्याचे मित्र कोणी बँकेंत, कोणी वर्तमानपत्राच्या कचेरींत, कोणी संगणकाच्या कंपनींत गेले. आमचा विषय राज्यशास्त्र. तेव्हां ‘राज्य’ म्हणून जें कांहीं आहे तें एकदां पुस्तकाबाहेर पाहावें, असें आम्हीं ठरविलें. बुलढाणें जिल्ह्यांत मोताळ्यास आमचे चुलत आजोबा राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. शाळामास्तरकी करून ते निवृत्त झाले आहेत. आमचा बेत कानावर पडतांच ते टेलिफोनवर म्हणाले, “सरळ इकडे ये. राज्य मुंबईस नुसतें ऐकूं येतें. दिसतें तें तालुक्याच्या गांवीं.”

मलकापूर स्टेशनावर आम्ही पहांटे उतरलों आणि बुलढाण्याकडे जाणारी एस. टी. धरली. सूर्य वर आला तों दोन्ही बाजूंस नांगरून तापत ठेवलेली काळी जमीन दिसूं लागली. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर ओळ होती. त्या डोंगरावर बुलढाणें, खालीं पूर्णेचें खोरें, आणि राजूरचा घाट चढण्यापूर्वींच लागणारें हें मोताळें. जवळच नळगंगा नदी आहे आणि तिच्यावरचें धरण आहे. पण मे महिन्यांत नदी ती नांवाचीच. लोकसभेचें मतदान २६ एप्रिलला आटोपलें होतें, आणि त्या दुसऱ्या जातीच्या उमेदवारांचे फलक भिंतींवर उन्हानें पांढरे पडत चालले होते.

आमची उमेदवारी कोणत्या कचेरींत झाली हें सांगण्याचें कारण नाहीं. या लेखांत जो दोष सांगावयाचा आहे तो आमचा स्वतःचा आहे. त्यांत कचेरीस कशाला ओढावें? ती जमिनीच्या कागदांशीं संबंध असलेली एक सरकारी कचेरी होती, एवढें पुरे. तेथील मोठे बाबू पन्नाशी उलटलेले, मितभाषी गृहस्थ होते. आमचें पत्र त्यांनीं दोनदां वाचलें आणि विचारलें, “पगार?” आम्ही म्हणालों, “नाहीं.” “मग काय मिळतें?” “चार श्रेयांक.” त्यांनीं मान हलविली, व पहिला आठवडा आम्हांस दप्तरखान्यांत नेऊन बसविलें.

खरें सांगतों, त्या आठवड्यांत आम्ही जेवढें राज्यशास्त्र शिकलों तेवढें दोन वर्षांच्या व्याख्यानांत शिकलों नव्हतों. कागदांच्याही जाती असतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा ठेवावयाचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षें, ‘क-१’ चा दहा, ‘क’ चा पांच, आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभरानें नष्ट करावयाचा. कोणत्या कागदाला किती आयुष्य द्यावें, हें ठरविणारा शेरा कोपऱ्यांत एका अक्षरानें मारलेला असतो. जुन्या मलकापूर तालुक्याचा हा मुलूख. निजामानें १८५३ सालीं कंपनी सरकारच्या स्वाधीन केलेलें वऱ्हाड १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडलें गेलें. स्वातंत्र्यानंतर तें मध्यप्रदेशांत राहिलें, १९५६ त द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. एकाच शेताचे कागद या इतक्या राज्यांच्या शिक्क्यांखालून फिरून आले. सरकारें बदललीं, भाषा बदलली, शाईचा रंगही बदलला. शेत मात्र जेथल्या तेथें आणि धुराही तोच. वऱ्हाडांत बांधाला धुरा म्हणतात.

ज्या ‘सातबाऱ्या’चें नांव आपण रोज ऐकतों तो एक उतारा नसून दोन नमुन्यांची जोडी आहे, हेंही आम्हांस तेथेंच कळलें. अँडरसन नांवाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेनें रूढ केलेल्या गांवनमुन्यांचे आंकडे एकापासून एकवीसपर्यंत जातात. सातवा नमुना जमीन कोणाची हें सांगतो, बारावा तींत काय पिकलें हें सांगतो. जमिनीवरील नांव बदललें कीं त्याची नोंद सहाव्या नमुन्यांत होते. तिला फेरफार म्हणतात. खातेदार वारला तर वारसांची नोंद आधीं ‘६-क’ मध्यें करावयाची, मग फेरफार, मग संबंधितांस नोटीस, हरकतीसाठीं पंधरा दिवस, आणि कोणाची हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्यानें ती नोंद प्रमाणित करावयाची. वाचतांना हें सारें रुक्ष वाटेल. परंतु यांतील प्रत्येक पायरी कोणा ना कोणा दुर्बळाचें शेत कोणा सबळानें रातोरात गिळूं नये म्हणून घातलेली आहे, असें मोठ्या बाबूंनीं समजावून दिलें, तेव्हां त्या रुक्ष पायऱ्यांविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला.

दुसऱ्या आठवड्यांत आम्हांस आवक टेबलावर बसविण्यांत आलें. काम सोपें. आलेला अर्ज घ्यावयाचा, आवक-वहींत क्रमांक व तारीख घालून चढवावयाचा, अर्जदारास शिक्का मारलेली पोंच द्यावयाची. मोठ्या बाबूंनीं एकच गोष्ट बजावली : “कागद हातांत आला कीं आधीं वही, मग दुसरें कांहीं. पोंच दिल्याशिवाय माणूस पुढून हालूं द्यावयाचा नाहीं. २०१५ च्या लोकसेवा हक्काच्या कायद्यानें पोंच हा त्याचा हक्क आहे. तो नसता तरी ती द्यावयास हवी होती.”

आम्ही दोन दिवस हें व्रत चोख पाळलें. तिसऱ्या दिवशीं, १५ मे रोजीं, भर दुपारीं एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर, पायांत झिजलेली चप्पल, हातांत प्लास्टिकच्या पिशवींत रेशनकार्डासह घडी केलेला अर्ज. नवरा माघ महिन्यांत वारला. मूल म्हणावें तर लग्न झालेली एक मुलगी. शेत पावणेतीन एकर. आणि त्यावर आपलें नांव चढावें एवढीच तिची मागणी. वास्तविक असा अर्ज गांवच्या तलाठ्याकडे द्यावयाचा. पण ‘वर दिला म्हणजे लवकर होतें’ असें तिला कोणी सांगितलें होतें. “पेरणीच्या आंधी ब्यांकेचं कर्ज भेटलं पायजे, बाप्पा,” ती म्हणाली. “सायेब म्हणते, सातबाऱ्यावर तुहं नाव कोठी हाय?”

आम्हीं अर्ज घेतला. त्याच वेळीं आमच्या डोक्यांत एक विचार चमकला. महाविद्यालयास जो अहवाल द्यावयाचा होता त्यासाठीं ‘ग्रामीण स्त्री आणि प्रशासन’ हें प्रकरण किती उत्तम होईल! आम्हीं टिपणवही उघडली आणि तिच्या सांगण्यांतील चार वाक्यें घाईघाईनें टिपून घेतलीं. इतक्यांत चहा आला, मागून दहा-बारा माणसें आलीं, कोणी हुज्जत घालूं लागला. म्हातारीनें विचारलें, “जाऊ मंग?” आम्ही म्हणालों, “जा आजी, काम होईल.” ती हात जोडून निघून गेली. वहींत नोंद झाली नाहीं, पोंच दिली गेली नाहीं. आणि या दोन्ही गोष्टी झाल्या नाहींत हें आमच्या लक्षांतही आलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं ती परत आली. तलाठ्याकडे चौकशी केली तर कागद आलाच नाहीं असें कळलें, म्हणून पुन्हां ‘वर’ आली होती. मोठ्या बाबूंनीं आवक-वही चाळली. नोंद नव्हती. त्यांनीं विचारलें, “आजी, पोंच आहे?”

“पोच म्हंजे काय? ह्या पोरानं घेतला ना कागद, हातानं.” आणि तिनें आमच्याकडे बोट केलें.

आम्हांस सर्व आठवलें. तिचा चेहरा, ती पिशवी, तो पावणेतीन एकरांचा आंकडा, सारें एका क्षणांत आठवलें. मोठे बाबू आमच्याकडे पाहत होते. भोंवतीं माणसें उभीं होतीं. आणि आम्ही म्हणालों, “रोज इतके लोक येतात. आठवत नाहीं.”

म्हातारीनें आमच्याकडे क्षणभर पाहिलें. मग म्हणाली, “आठवत नसन. लय लोक येतात.” तिनें एक शब्दही अधिक काढला नाहीं. दुसरा अर्ज लिहून घेण्यासाठीं ती बाहेर गेली. अर्ज लिहिणारा जेवावयास गेला होता आणि तिची गाडी सुटण्याची वेळ झाली होती. ती तशीच गेली.

त्या रात्रीं अण्णांच्या अंगणांत बाजेवर पडल्या पडल्या आम्हीं अहवाल लिहावा म्हणून टिपणवही उघडली. ‘ग्रामीण स्त्री आणि प्रशासन’ या मथळ्याच्या पानांत, खूण म्हणून घातल्यासारखा, तिचा अर्ज होता. खालीं अंगठा होता. अंगठ्याची शाई थोडी आमच्या अक्षरांवर उमटली होती.

अण्णा शेजारच्या बाजेवर जागे होते. आम्हीं त्यांना सर्व सांगितलें. आमच्या घराण्याकडे याच भागांतील एका गांवची पटवारकी पिढीजात होती. त्या पटवारकीच्या गोष्टी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालों होतों. अण्णा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “अरे, आपल्या घरांत तीन पिढ्या लेखणी होती. तिनें किती जणांचें भलें केलें तें घरांत सांगतात. किती जणांना खेटे घालायला लावले तें गांवांत सांगतात. मी चाळीस वर्षें मुलांना शुद्धलेखन शिकविलें तें ह्या दुसऱ्या गोष्टींसाठीं.” आणि थोड्या वेळानें, “उद्यां काय करणार?” एवढेंच त्यांनीं विचारलें.

सकाळीं कचेरी उघडतांच आम्हीं अर्ज मोठ्या बाबूंच्या पुढें ठेवला आणि काल खोटें बोललों असें सांगितलें. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती. किंबहुना रागावते तर बरें वाटलें असतें. त्यांनीं वही उघडून लेखणी आमच्या हातीं दिली. “चढवा. आजची तारीख घाला.”

आम्ही चाचरत म्हणालों, “अर्ज पंधरा तारखेस आला आहे. तीच तारीख घातली तर तिचे पंधरा दिवस वांचतील.”

“वांचतील,” ते म्हणाले. “पण आज तुम्ही चांगल्या कामासाठीं मागची तारीख घालाल, उद्यां दुसरा कोणी वाईट कामासाठीं घालील, आणि त्यांत अशाच एखाद्या बाईचें शेत जाईल. वहींत खोटें चालत नाहीं. तुमची चूक तुम्ही अर्जावर लिहा, खालीं सही करा. मी तलाठ्याला फोन करतों. पोंच मात्र टपालानें जाणार नाहीं. ती तुम्ही स्वतः नेऊन द्या.”

दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, आम्ही एस. टी. नें निघालों. फांट्यावर उतरून पाऊण कोस चालावें लागलें. दहा वाजले नव्हते तरी ऊन अंगाला चिकटत होतें. हीच वाट ती दोनदां चालून आली होती, आणि तेंही भर दुपारीं, हा विचार मनांतून जाईना. पतीच्या मागें पत्नीस मुलांच्या बरोबरीनें वाटा आहे, असें १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें स्पष्ट सांगितलें आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढून पतीच्या हयातींतच घरच्या लक्ष्मीचें नांव जमिनीवर चढवा, असें शेतकऱ्यांना आवाहन केलें होतें. हें सर्व आम्हीं परीक्षेंत लिहून उत्तम गुण मिळविले होते. त्या कायद्याच्या आणि या म्हातारीच्या मध्यें आतां दुसरें कांहीं उभें नव्हतें. एक आमची टिपणवही तेवढी होती.

म्हातारी ओट्यावर बसून तूर निवडीत होती. तिनें आम्हांस ओळखलें. पाणी दिलें. आम्हीं पोंच पुढें केली आणि झालेली हकीकत सांगितली. आठवत नाहीं म्हणालों तें खोटें होतें हेंही सांगितलें.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “तुवं डोये खाली केले होते ना.” मग पोंच हातांत घेऊन तिनें उलटसुलट पाहिली आणि आमच्याकडे परत दिली. “वाच बरं. माहं नाव बरोबर लिवलं का?”

आम्हीं वाचलें. तिनें पुन्हां वाचावयास लावलें. आपलें नांव, नवऱ्याचें नांव, गट नंबर, तारीख. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनें पोंच घडी करून त्याच प्लास्टिकच्या पिशवींत ठेवली. “आतं कर्ज काई मिरगाच्या आंधी भेटत नाई,” ती म्हणाली; हें तिनें आम्हांस बोल लावण्यासाठीं म्हटलें नाहीं, दिवस मोजून म्हटलें. “भावाले मागतो बियानं.” निघतांना तिनें आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो तोंडांत टाकवेना आणि फेंकवेनाही. फांट्यापर्यंत तो आमच्या मुठींत होता.

जूनच्या मध्यास आमची मुदत संपली व आम्ही पुण्यास परतलों. मृग लागला होता. तिची पेरणी भावानें उसन्या दिलेल्या बियाण्यावर झाली, आणि बँकेचें कर्ज तिला नोंद प्रमाणित झाल्यावर, पेरणी उलटून गेल्यानंतर मिळालें, असें अण्णांनीं कळविलें. उसन्या बियाण्याची फेड सवाईनें करावी लागते, हेंही त्यांनीं वेगळें न विचारतां सांगितलें. आमच्या पंधरा दिवसांची किंमत ती होती, आणि ती आम्हीं भरली नाहीं, तिनें भरली. आम्ही कांहीं रक्कम पाठवूं लागलों तेव्हां अण्णांनीं मना केलें. “ती घेणार नाहीं. आणि घेतली तर तुला हलकें वाटेल; तें बरें नव्हे,” ते म्हणाले.

जुलैच्या अखेरीस एके संध्याकाळीं आम्हीं तिचा सातबारा संगणकावर पंधरा रुपये भरून काढला. आतां तो डिजिटल स्वाक्षरीचा, घरबसल्या मिळतो. दप्तरखाना नाहीं, रुमाल नाहीं, धूळ नाहीं. नमुना सातमध्यें मयताचें नांव कंसांत गेलें होतें, आणि त्याच्या खालीं दोन नांवें आलीं होतीं : एक तिचें, एक मुलीचें. आम्ही तो उतारा कितीतरी वेळ पाहत होतों. एवढ्या एका ओळीसाठीं किती माणसें जागीं असावीं लागतात, आणि त्यांतील एक पेंगला तर काय होतें, हें आम्हांवांचून त्या उताऱ्यांत कोणास दिसलें असतें?

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण आपण घरोघर हंसून म्हणतों. म्हणतांना आपल्या डोळ्यांपुढें कोणी आळशी, लांचखाऊ, पान चघळणारा कारकून असतो. आमच्या अनुभवाचा कारकून यांपैकीं कांहींच नव्हता. तो सुशिक्षित होता, सद्हेतु बाळगणारा होता, आणि स्त्रियांच्या हक्कांवर प्रकरण लिहीत होता. त्या प्रकरणाच्या नादांत समोरची स्त्री त्याला दिसली नाहीं. असें आमच्याच बाबतींत घडलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

अहवाल आम्हीं दिला. ‘ग्रामीण स्त्री आणि प्रशासन’ हें प्रकरण मात्र फाडून टाकलें, आणि त्याऐवजीं आवक-वही कशी ठेवावी यावर चार पानें लिहिलीं. परीक्षकांनीं ‘विषय किरकोळ’ असा शेरा मारून बेताचे गुण दिले.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत एके काळीं कुलकर्ण, देशपांडेपण वा पटवारकी होती. आज बहुतेकांच्या घरांत कोणी ना कोणी कचेरींत, बँकेंत, विद्यापीठांत टेबलाच्या आंतल्या बाजूस बसलेला आहे. त्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. आमच्या टेबलावरचा नियम मात्र आम्हीं पुण्यास आल्यावरही सोडलेला नाहीं : कागद हातांत आला कीं आधीं वही, मग दुसरें कांहीं. आणि एक विनंति : घरच्या शेताचा, नाहीं तर निदान राहत्या घराचा उतारा एकदां काढून पाहावा, आणि त्यावर आईचें, आजीचें, बहिणीचें नांव आहे किंवा कसें तें मोठ्यानें वाचून दाखवावें. ज्यांचें नांव असेल त्या दुसऱ्यांदा वाचावयास सांगतील. तेव्हां कंटाळा करूं नये.